क्वेकर आणि मॉर्मन पूर्वज: सासूबाईंच्या घराण्याचा धागा 1840 ला तुटतोय, मदत हवीय

चिकूची_आई:
नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात असते, नवरा इथलाच. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे त्यामुळे लेकीला माझ्या बाजूच्या नऊ पिढ्या दाखवता येतात, पण तिच्या बाबाच्या बाजूचं काहीच हाताशी नाही. सासूबाई 84 च्या आहेत, त्यांच्याकडे एक जुनं बायबल आहे, मागच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले, त्यावरून सुरुवात केली. घराणं चेस्टर काउंटीतलं, क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचं.

दोन ठिकाणी अडलेय. एका पूर्वजाचा जन्म बायबलात ऑक्टोबर 1741 आणि मीटिंगच्या (क्वेकरांच्या स्थानिक मंडळीच्या) वहीत '8वा महिना', म्हणजे ऑगस्ट ना? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, त्याच पूर्वजाची पणती. 1840 ला तिच्या नावापुढे 'डिस, जेएएस' असं लिहिलंय आणि मग काहीच नाही. सासूबाईंची आजी म्हणायची की ती मॉर्मनांबरोबर (तेव्हा नवाच असलेला दुसरा ख्रिस्ती पंथ) निघून गेली, घरात तिचं नावही काढायचे नाहीत. फॅमिलीसर्चवर (मॉर्मन चर्चची वंशावळीची वेबसाइट) त्याच नावाच्या 3 बायका आहेत, आणि तिच्या वडिलांपुढे बाप्तिस्मा 1932! ते तर 1858 लाच गेले, मग हे कसं? सासूबाईंना त्या मुलीचं पुढे काय झालं एवढंच कळायला हवंय.

जुनीपानं:
ताई, दोन्ही तारखा बरोबर आहेत. महिन्यांची बरीच नावं रोमन देवांवरून पडलेली म्हणून क्वेकर लोक नुसता आकडा लिहायचे, आणि इंग्रजांचं वर्ष 1752 च्या आधी 25 मार्चला बदलायचं, आपलं कसं पाडव्याला बदलतं तसं, त्यामुळे मार्च पहिला आणि ऑक्टोबर आठवा. ऑक्टो म्हणजे आठच, आपलं अष्ट. 1752 पासून जानेवारी पहिला झाला. ट्रीमध्ये ऑगस्ट टाकलं असेल तर दुरुस्त करा, आणि वहीतले शब्द आहेत तसेच शेजारी टिपून ठेवा.

डिस म्हणजे मीटिंगमधून काढलं, जेएएस म्हणजे दुसऱ्या पंथात गेली. पण हा कुणीतरी नंतर काढलेला गोषवारा आहे, तुम्ही मूळ मिनिट्स, म्हणजे सभेचा वृत्तांत, वाचा. बायकांची मीटिंग वेगळी भरायची आणि तिची वहीही वेगळी, लोक पुरुषांची वही बघून सोडून देतात. शिवाय 1827 ला फिलाडेल्फियाकडे हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स अशी फूट पडली, दोन्हीकडची वही बघायला लागेल. स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड ही दोन्ही कॉलेजं तुमच्या जवळच आहेत, तिथे हे सगळं जपून ठेवलंय.

वाटसरू_युटा:
मी 15 वर्षं सॉल्ट लेकला आहे, म्हणजे युटात, मॉर्मनांच्या मुख्य गावी. मॉर्मन लोक गेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, म्हणून 1932. त्यावरून वडील मॉर्मन होते असं अजिबात धरू नका. पण ते नाव कुणीतरी दिलं ना, बहुतेक वेळा वंशजच देतात, म्हणजे तिची लेकरंबाळं युटात असण्याची शक्यता चांगली आहे.

ही प्रथा 1840 ला इलिनॉयमधल्या नॉवूला, म्हणजे मॉर्मनांच्या तेव्हाच्या गावी, सुरू झाली, आधी तर थेट मिसिसिपी नदीत. त्या नोंदींत कोण, कोणासाठी आणि नातं काय हे लिहिलेलं असतं!! क्वेकरांत पाण्याचा बाप्तिस्माच नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या मुलीला आपल्या गेलेल्या माणसांसाठी तो करावासा वाटणारच. आधी ती यादी बघा. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ स्वतः 1839-40 च्या हिवाळ्यात चेस्टर काउंटीत येऊन गेला होता, त्यामुळे सासूबाईंच्या आजीचं बोलणं मला तरी खरं वाटतं. मग पॅट्रिआर्कल ब्लेसिंग (चर्चमधल्या वडीलधाऱ्याने दिलेला, लिहून ठेवलेला आशीर्वाद) शोधा, त्यात आईवडील आणि जन्मगाव मिळतं. युटाला बैलगाड्यांनी गेलेल्यांची यादी 1847 ते 1868 ची आहे. तिथे नसेल तर मिसुरीत इंडिपेन्डन्सला, स्मिथच्या मुलाच्या चर्चच्या मुख्यालयात विचारा, कारण युटाला न जाता मागे राहिलेल्यांतले बरेच जण 1860 पासून त्या चर्चमध्ये गेले.

घाटावरचा:
त्या 3 बायका मर्ज करू नका प्लीज. तिथली ट्री कुणीही बदलू शकतं, एकदा चुकीची माणसं चिकटली की सोडवताना जीव जातो. बाकी ह्याच युटावाल्यांनी आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही फिल्मवर घेतल्यात, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

चिकूची_आई:
तीन आठवड्यांनी लिहितेय. बायकांच्या वहीत ती सापडली! दोन जणींना तिला भेटायला पाठवलं होतं, त्यांनी येऊन सांगितलं की तिने शांतपणे ऐकून घेतलं पण परत यायची तिची इच्छा दिसत नाही. आणि नॉवूच्या यादीत 1841 ला तिचं नाव, पुढे आजीचं नाव, नातं 'नात'. आजीच्या नावाचं स्पेलिंग जरा वेगळंच आहे आणि बायबलातही अगदी तेच. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी बायबल मागून घेतलं, त्या मुलीच्या नावापुढे जागा रिकामी होती, तिथे त्यांनी थरथरत्या हाताने नॉवू, 1841 असं लिहिलं. आता बैलगाड्यांची यादी बघतेय, नवऱ्याचं आडनाव कळलं की इथे टाकते.