कॉलेजच्या गावात शनिवार-रविवार घालवायचा कसा?

रिकामी_खोली:
मी यंदाच इथे शिकायला आलेय. गाव म्हणजे युनिव्हर्सिटी आणि तिच्या आजूबाजूला वाढलेली वस्ती, बाकी काही नाही. सोमवार ते शुक्रवार लेक्चर, लॅब, सबमिशन यात श्वास घ्यायला वेळ नसतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं एकदम ठप्प. ज्यांची घरं जवळ आहेत ते बॅगा भरून निघून जातात, उरलेल्यांतले बरेचसे पार्टीला जातात, पण मला त्या दणदणाटात तासभरही बसवत नाही. थिएटर एकच, तिथला पिक्चर बघून झाला की पुढे काय? मग मी मोबाइल घेऊन लोळत पडते आणि रविवारी रात्री कळतच नाही की दोन दिवस गेले कुठे. फार खर्च जमणार नाही, गाडी नाही, आणि ओळख नसलेल्या घोळक्यात एकटीने घुसायचं म्हटलं की पाय मागे येतात. तुम्ही लोक काय करता, किंवा कॉलेजात असताना काय करायचात? अगदी साधं काही असलं तरी सांगा.

जुना_नोटीसबोर्ड:
तुझ्या गावात थिएटर एकच असेल पण युनिव्हर्सिटी आहे ना, मग करमणुकीला तोटा नाही, फक्त ती जाहिरात करत नाही. मी शिकत असताना दर गुरुवारी दुसऱ्या डिपार्टमेंटांचे नोटीसबोर्ड वाचत हिंडायचो, स्वतःच्या नाही, दुसऱ्यांच्या. संगीत शिकवणारा विभाग असेल तर बऱ्याच ठिकाणी तिथल्या मुलांना पदवीसाठी जाहीर कार्यक्रम करावाच लागतो, तो परीक्षेचाच भाग असतो, आणि समोर खुर्च्या रिकाम्या असतात. आत जाऊन बस, बहुतेक वेळा तिकीट नसतंच. नाटकवाल्यांचंही तसंच, प्रयोगाच्या आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला त्यांना प्रेक्षक हवेच असतात, कारण लोक कुठे हसतात आणि कुठे चुळबूळ करतात ते रिकाम्या हॉलमध्ये कळत नाही. विद्यार्थ्यांची नाटकं म्हणजे कच्चं काम असं समजू नकोस. केंब्रिजचा फूटलाइट्स हा विद्यार्थ्यांचाच क्लब, 1883 पासून चालू आहे आणि ब्रिटनमधले कितीतरी विनोदी नट तिथून बाहेर पडलेत.

आणि युनिव्हर्सिटीचं म्युझियम. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन 1683 मध्ये लोकांसाठी उघडलं, म्हणजे ही पद्धत काही नवी नाही. एवढं मोठं सगळीकडे नसतं, पण भूगर्भशास्त्राच्या इमारतीत दगड-जीवाश्मांची कपाटं किंवा वनस्पतीशास्त्राकडे वाळवलेल्या झाडांचा संग्रह बऱ्याच ठिकाणी असतो. सांभाळणाऱ्या माणसाला नीट विचारलंस तर तो स्वतः उघडून दाखवतो, त्यांना कोणी विचारायला येतच नाही याचंच वाईट वाटत असतं.

रात्रपाळी:
वरच्यांशी सहमत, त्यात एक भर. फिजिक्सवाल्यांकडे दुर्बीण आहे का बघ. आमच्याकडे आहे, आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही ती सगळ्यांसाठी गच्चीवर लावतो. लोकांना वाटतं पौर्णिमेला यावं, पण पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, त्यामुळे सगळा सपाट पांढरा दिसतो. अर्धा चंद्र असताना ये. शुक्ल पक्षातल्या अष्टमीच्या आसपास सूर्य मावळताना तो आधीच वर चढलेला असतो आणि साधारण मध्यरात्री मावळतो, म्हणजे जागरणही करावं लागत नाही, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या इतक्या लांब पडलेल्या असतात की पहिल्यांदा बघणारा माणूस डोळा काढायलाच तयार होत नाही. गुरू आकाशात असेल तर त्याचे चार मोठे चंद्र साध्या बायनॉक्युलरमधूनही दिसतात, फक्त हात स्थिर हवा, भिंतीला टेकून उभी रहा. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये तेच बघितले होते. शनीच्या कड्यांना मात्र दुर्बीणच लागते.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. स्टेलॅरियम नावाचं आकाशाच्या नकाशाचं अ‍ॅप फुकट आहे, त्यात आज रात्री तुझ्या डोक्यावर काय आहे ते दिसतं. गावाबाहेरच्या अंधारात, अर्थात दोघी-तिघी मिळून, गेलात तर आधी वीस-तीस मिनिटं मोबाइल बघायचा नाही, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ घेतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून. उल्कावर्षावांच्या तारखा लिहून ठेव, ऑगस्टमध्ये 12-13 च्या सुमाराला पर्सीड्‌स, डिसेंबरात 13-14 ला जेमिनिड्‌स. उल्का बघायला कसलंच यंत्र लागत नाही, पाठीवर झोपायचं आणि वाट बघायची. माझ्या सगळ्यात घट्ट मैत्र्या अशा रात्रींमधूनच झाल्यात, कारण आकाशाकडे बघत पडलेली माणसं खूप मोकळं बोलतात.

पत्त्यांचा_कॅट:
हॉस्टेलमध्ये वीकेंडला किती जणी उरतात? सात-आठ जरी असल्या तरी माफिया खेळा. हा खेळ मुळात विद्यार्थ्यानेच काढलाय, मॉस्को युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हने 1986 मध्ये. लागतो फक्त पत्त्यांचा कॅट. एक जण सूत्रधार, बाकीच्यांना एकेक पान वाटायचं, दोन काळी पानं म्हणजे माफिया, उरलेले गावकरी. रात्र झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे, माफियांनी हळूच डोळे उघडून एकाला बाद करायचं, मग सकाळ झाली की सगळ्यांनी मिळून भांडायचं की यांच्यातला माफिया कोण, आणि मत देऊन एकाला बाहेर काढायचं. माफियांना एकमेकांची ओळख असते, गावकऱ्यांना कोणाचीच नसते, सगळी गंमत त्यातच आहे. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी तिसऱ्या डावाला काय सफाईदार खोटं बोलते बघ. खर्च शून्य, आणि ज्यांच्याशी जिन्यात नुसतं हसणं होतं त्यांची नावं एका रात्रीत पाठ होतात.

रिकामी_खोली:
दुर्बिणीचं ऐकून खरंच जावंसं वाटतंय, बोर्डवर बघते. आमच्या मजल्यावर सहा जणी असतात, खालच्या मजल्यावरच्या दोघी-तिघींना विचारेन. पण माझा खरा अडथळा तोच आहे, एकटीने पहिल्यांदा कुठे गेलं की तिथे सगळे आधीच एकमेकांना ओळखत असतात आणि मी कोपऱ्यात.

चकती_फेकणारी:
यावर माझं ठाम मत आहे. जिथे नुसतं उभं राहून गप्पा मारायच्या असतात तिथे पहिल्यांदा एकटीने जाऊच नये, जिथे हाताला काम असतं तिथे जावं. तालमीत दिवे धरायला, पक्षी मोजायला, शर्यतीत पाणी द्यायला, काहीही. काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

मी अल्टिमेट फ्रिस्बी खेळते, बऱ्याच कॅम्पसवर मुलंमुली मिळून खेळतात. एका बाजूला सात खेळाडू, एक चकती, रेफरी नाही. फाउल झाला की खेळणाऱ्यांनीच सांगायचं आणि आपसांत मिटवायचं, मोठ्या स्पर्धांतही हाच नियम आहे. 1968 मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी हा खेळ सुरू केला आणि 1972 मध्ये दोन युनिव्हर्सिटींमधला पहिला सामना झाला. नवीन माणूस आला की आधी कोणीतरी त्याला फेकायला शिकवतं, म्हणजे ओळख आपोआपच होते. आणि एकदा जाऊन ठरवू नकोस की आपलं जमत नाही. पहिल्या वेळी चेहरे दिसतात, दुसऱ्या वेळी नावं कळतात, तिसऱ्या वेळी कोणीतरी विचारतं की मागच्या आठवड्यात का नाही आलीस. म्हणून दर आठवड्याला त्याच वेळी होणारी एखादी गोष्ट निवड, दहा वेगवेगळ्या गोष्टी करत बसू नकोस.

पहाटेचा_कान:
मी थोडं वेगळं सांगतो. दोन्ही दिवस भरून टाकू नकोस, एक सकाळ कपडे, खोली आणि झोप यांना दे, नाहीतर सोमवारी अंगात त्राण राहत नाही. आणि ज्या दिवशी कोणाशी बोलायची इच्छाच नसेल त्या दिवशी कॅम्पसमध्ये पहाटे चालायला जा. मर्लिन नावाचं कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या पक्षीप्रयोगशाळेचं अ‍ॅप आहे, फुकट, पक्ष्यांचे आवाज ऐकून नाव सुचवतं, तुझ्या भागाची फाइल आधी उतरवून ठेवलीस की नेट नसलं तरी चालतं. ते कधीकधी चुकतं, म्हणून पक्षी डोळ्याने दिसला तरच खरं मान. कॅम्पसवर जुनी झाडं असतात आणि सुट्टीच्या पहाटे माणसं नसतात, त्यामुळे एरवी न दिसणारे पक्षी खाली उतरतात.

रिकामी_खोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. नोटीसबोर्ड बघून आले, फिजिक्सचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम याच शनिवारी आहे! मजल्यावरची एक जण यायला तयार झालीये. @रात्रपाळी, आधी नाव द्यावं लागतं का, आणि सोबत काय न्यायचं?

रात्रपाळी:
आमच्याकडे नाव लागत नाही, तुमच्याकडे बोर्डवर लिहिलेलं असेल. गच्चीवर तासभर उभं राहिलं की वाटतं त्यापेक्षा जास्त गारठतं, जाड काहीतरी घाल. टॉर्चवर लाल कागद लाव, पांढरा प्रकाश कोणाच्या डोळ्यावर मारू नकोस. चष्मा असेल तर विचारून घे, साध्या नंबरासाठी काढून बघता येतं, फोकस फिरवून देतात. आणि रांग संपत आली की मागे थांब, गर्दी गेल्यावर दुर्बीण चालवणारे लोक स्वतःहून यादीत नसलेल्या गोष्टी दाखवायला लागतात.