मदत हवी आहे: जीएसटी नंबर नसताना लॉज ऑनलाइन लावता येतो का?

सोलापूर स्टेशनजवळ आमचा ९ खोल्यांचा लॉज आहे, भाडं ९०० रुपये. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारे भाविक हेच आमचं गिऱ्हाईक. पूर्वी थेट दारात यायचे, आता गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर खोली ठरवतात.

गुगल मॅपवर नाव, फोटो टाकले. फोन येतात, पण आगाऊ पैसे कुणी भरत नाही. एका बुकिंग कंपनीनं जीएसटी नंबर मागितला. उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नाही. खोलीभाड्यावरच्या ५ टक्के जीएसटी दरात इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, मग मुद्दाम नोंदणी कशाला? शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे आमच्यासारख्यांचा कर बुकिंग कंपनीनंच भरायचा असतो.

नोंदणीशिवाय कुणी लिस्टिंग करून घेतलंय का? कोणती कागदपत्रं दिली, आणि कमिशन किती कापतात?