प्रतिसाद : कोयी बँकेत ठेवून रायवळ वाचत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की रायवळ आंब्याच्या कोयी बियाणे बँकेत (बी वाळवून गारठ्यात साठवतात तिथं) ठेवल्या की जात वाचली, झालं. तसं नाही ओ, आंबा-फणसाचं बी वाळवलं की मरतं, उणे 20 डिग्रीला ज्वारी टिकते तसं हे टिकत नाही, म्हणजे झाडच उभं पाहिजे. हापूसची हजार कलमं लावली तरी जनुकं एकाच झाडाची, रायवळ कोयीपासनं आलेला म्हणून झाडागणिक वेगळा. आमच्या राधानगरीकडं बांधावर शेपूच्या वासाचा एक होता, लोणच्याला नाद खुळा, खरं रस्ता रुंदीकरणात गेला, कलम कुणीच बांधलं नव्हतं (मी पण नाही). कोकमाचं तर नर झाड फळ देत नाही म्हणून लोक तोडतात, त्याची जनुकं गेली की सरपणात. पावसाळ्यात कोय कलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर जुन्या झाडाची काडी बांधतात ते) कोण शिकवणार असेल तर सांगा, रायवळची दोन म्हातारी झाडं अजून आहेत.