पाड्यावरचा किशोरी गट: मुली बोलत्या कशा होतील?

प्रश्न: नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर ११ ते १६ वयाच्या पावरा आदिवासी मुलींचा गट सुरू करायचा आहे. काही आश्रमशाळेतून सुट्टीला आलेल्या, काहींची शाळा सुटलेली. सत्र कसं घ्यावं? रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या त्यातच घ्याव्यात का?

उत्तर १: ताई, आधी भाषा. पुष्कळदा लाजेपेक्षा मराठीत वाक्य जुळत नाही म्हणूनच मुली गप्प असतात. त्यांच्या पावरी बोलीत बोला. पाड्यावरचीच दहावी-बारावी झालेली मुलगी गट चालवणारी ताई म्हणून घ्या, आणि तिला मानधन द्याच. गट १२-१५ जणींचा पुरे. प्रश्न सगळ्यांसमोर टाकू नका. तिघी-तिघींनी आपसात बोलावं, मग एकीने सांगावं, सांगणारी दर वेळी वेगळी. नाहीतर शाळेतल्या मुलीच बोलत राहतात आणि घरी राहिलेल्या हळूहळू गळतात. कडेवर भावंड घेऊन आलेलीला परत पाठवू नका. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेपासून वेचणी असते, तेव्हा सत्र संध्याकाळीच.

उत्तर २: गोळी आठवड्याला एक, निळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. जेवणानंतर, तुमच्या समोर. चहासोबत नको, लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळं होतं हे आधीच सांगा, नाहीतर मुली घाबरून गोळ्या फेकून देतात.

सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी नक्की करा, पण सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर थांबू नका. वाहक (अंगात दोष, पण स्वतः आजारी नाही) कोण आणि रुग्ण कोण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी लागते. रुग्ण निघाली तर लोह डॉक्टरांना विचारूनच. आणि कृपा करून निकाल गटात वाचू नका! वाहक मुलीलाही ‘आजारी’ ठरवतात, मग सोयरिकीत ते आडवं येतं.

उत्तर ३: भाषणांनी धीर येत नाही, आपल्या शब्दाने काहीतरी बदललं की येतो. मुलींना पाड्याचा नकाशा काढू द्या: हातपंप, ओढ्याची वाट, संडास, कुठे भीती वाटते ते. त्यातली एकच, कमी खर्चाची मागणी निवडा, म्हणजे दाराची कडी किंवा वाटेवरचा दिवा. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) पाड्याची वेगळी ग्रामसभा असू शकते, तशी असेल तर तिथेच मांडा. मुली मतदार नसतात, म्हणून त्यांना बोलू द्यावं हे कारभाऱ्यांच्या कानावर आधी घाला. ऐनवेळी विषय काढला तर तो पुढच्या सभेवर ढकलला जातो.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र मुलींना देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. हे पहिल्याच सत्रात, पावरीत सांगा आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या.