नवीन घरात स्मार्ट काय घ्यावं आणि काय नको?

नवी_घरमालकीण:
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात छोटं रो-हाऊस घेतलंय, दिवाळीनंतर वास्तुशांत आहे. पुण्याचे दीर म्हणतात, आता घेताच आहात तर सगळं स्मार्टच घ्या. म्हणजे वायफायचा एसी, बोटाच्या ठशाचं कुलूप, मोबाईलवरून चालू होणारी पाण्याची मोटर आणि मोठा टीव्ही. त्यात काल आरओ विकणारा एक जण घरी आला. आमच्या नळाच्या पाण्यात त्यानं दोन सळ्यांचं यंत्र बुडवलं, आणि बघता बघता पाण्यात तपकिरी गाळ! त्याच्या मशीनचं पाणी मात्र तसंच स्वच्छ. तेव्हापासून सासूबाईंनी घरातला चहा सोडलाय. पैसे बेताचे आहेत, कशावर घालू?

सातरस्ता:
सगळं घ्या की ताई, हप्त्यावर मिळतंय. आमच्याकडं लाईट-पंखे आवाजावर चालतात. पाहुणे बघतच बसतात.

लॉगआउट:
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनी पुण्याची, मी बसतो होटगी रोडला घरी. दुसऱ्यांच्या ॲपमधले दोष शोधायचे हेच पोटापाण्याचं काम, म्हणून माझ्या दाराला किल्लीचं कुलूप आहे आणि पंख्याला बटण. सातरस्ता, पाहुण्यांचं राहू द्या, रात्री नेट गेल्यावर लाईट कसा बंद करता ते सांगा की.

आधी आरओवाला, कारण सासूबाईंचा चहा अडलाय. त्या यंत्रातली एक सळी लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि ते लोखंडच विरघळून गाळ होतो. म्हणजे तुम्ही बघितलेली घाण बरीचशी त्याच्या सळीची. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. पुन्हा आला तर त्याच्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता बुडव. तो पेटी आवरायला लागेल.

दुसरं, तो जो टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) मोजायचा मीटर दाखवतो तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय. तेव्हा नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं मोजा. बोअरचंच प्यायची वेळ असेल तर आरओ घ्या. नळाचं ५०० च्या आत असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र, पुरे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर सोडतो. आपल्या गावात, जिथं पाणी सुटलं की घागरी-बादल्या सगळं भरून ठेवतात, तिथं ते मोरीत जाताना बघवत नाही. घेतलाच तर ती नळी फरशी पुसायच्या बादलीत सोडा.

एसीत वायफाय आहे का हे शेवटी विचारा. स्टारचं लेबल ठरतं वर्षाला १६०० तास वापर आणि बाहेर २४ ते ४३ अंश असा हिशेब धरून. आपल्याकडं मे महिन्यात पारा त्या वरच्या टोकाशीच खेळत असतो. म्हणून दुकानदाराला विचारायचं, बाहेर ४३ अंश असताना हा किती गारवा देतो? काही कंपन्या हा आकडा छापतात, बाकीच्यांचा सेल्समन विषय बदलतो. लेबलवरचं साल बघायचं, कारण स्टारचे निकष मध्येमध्ये कडक होतात आणि गोदामातला जुना फाइव्ह-स्टार नव्या मापानं तेवढा उरत नाही. वायफायसाठी जास्त मोजायचे तेच पैसे अर्थिंग नीट करायला आणि गरज असेल तर स्टॅबिलायझरला घाला.

टीव्ही स्मार्टच मिळतो, इलाज नाही. पण त्याला वायफायचा पासवर्ड देऊ नका, ॲप चालवणारी वेगळी स्टिक टीव्हीच्या मागे लावा. चार-पाच वर्षांनी ॲप चालेनाशी झाली की स्टिक बदलायची, टीव्ही नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे टीव्ही घरात काय बघतात ते न विचारता गोळा करत होते. १.१ कोटी टीव्हींचं ते प्रकरण, २०१७ मध्ये कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले. (दंडाची रक्कम टीव्हींच्या संख्येनं भागून बघा, हसू येईल.)

बाकी सगळ्याला माझा एकच प्रश्न असतो, राउटर बंद केला तर हे चालतं का? एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन नावाच्या अमेरिकन कंपनीनं आगाऊ न सांगता सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातले दिवे ॲपला ओळखेनासे झाले. फ्रिज-एसी दहा-पंधरा वर्षं चालवायचे आपण, आणि त्यांचं ॲप किती दिवस जगणार हे ठरवणार कुठल्या तरी मीटिंगमध्ये बसलेला मॅनेजर. मी बसतो त्या मीटिंगांना.

माहेरवाशीण:
लॉगआउट, तुमचं वय झालं नाही म्हणून किल्ली सोपी वाटते. माझ्या आईची बोटं संधिवातानं वाकलीत, तिला किल्ली फिरवता येत नाही. ती आकडे दाबून दार उघडते. आणि मोटर? पाणी सुटतं रात्री दीडला. तुम्ही उठता की वहिनी?

लॉगआउट:
उठतो मीच, वहिनींची झोप मोडायची हिंमत नाही. आईंचं अगदी बरोबर, त्यांना आकड्यांचं कुलूपच हवं. फक्त वायफाय नसलेलं घ्या. कुलपाला जादा किल्लीची सोय हवी, आणि सेल संपले तर बाहेरून बॅटरी टेकवून उघडता आलं पाहिजे. जादा किल्ली घरात ठेवायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मोटरसाठी मोबाईल कशाला? हौदात एक आणि वरच्या टाकीत एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, टाकायचं. हौदात पाणी आलं की मोटर सुरू, टाकी भरली की बंद, हौद रिकामा झाला तरी बंद, म्हणजे मोटर कोरडी फिरून जळत नाही. दीडला पाणी आलं तरी सगळे झोपलेले. सळ्यांचे सेन्सर मात्र टाळा, आपल्या जड पाण्यात त्यांच्यावर क्षारांचा थर बसतो आणि टाकी रिकामी की भरलेली हे त्यांना कळेनासं होतं.

नवी_घरमालकीण:
मीठ टाकून बघितलं! आरओवाला "मॅडम, हे असं नसतं करायचं" म्हणत उठला. सासूबाईंनी लगेच चहा टाकला. मोटरला फ्लोट ठरलं, एसी दीर सोबत येऊन बघणार आहेत, त्यांना ४३ अंशांचा प्रश्न पाठ करून पाठवते. एक राहिलं, नवी पेठेत फ्लोट इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल की पंपवाल्याकडं?

सातरस्ता:
दोन्हीकडं मिळतो. पंपवाल्याकडं घ्या, तो बसवायला माणूसपण देतो. आणि लॉगआउट, लाईट बंद करायला भिंतीवर बटण आहे की आमच्याकडं.

लॉगआउट:
मग आवाजाचं काय काम होतं?