मदत हवी आहे: आईला घेऊन योग्यकार्ता, प्रंबाननच्या पायऱ्या आणि शहरातली ये-जा

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आई, बायको आणि मी जावा बेटावर योग्यकार्ताला (तिथले लोक नुसतं 'जोग्जा' म्हणतात) चार रात्रींसाठी जातोय. आईचं वय ७२, दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते, पण जिना मात्र कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढते.

तिला जायचंय ते प्रंबाननसाठी. नवव्या शतकातलं शंकराचं देऊळ, ४७ मीटर उंच. मधल्या गाभाऱ्यात शिव, दक्षिणेला अगस्ती, उत्तरेला महिषासुरमर्दिनी आणि पश्चिमेला गणपती. त्या गणपतीचा फोटो पाहिल्यापासून "समुद्रापलीकडे जाऊन बसलाय, एकदा भेटून येऊ" हेच चाललंय तिचं. देवळापाशी पोचून खालूनच नमस्कार करून परतायची वेळ तिच्यावर येऊ नये, असं फार वाटतं.

नवा विमानतळ शहरापासून ४० किलोमीटरवर आहे, पण तिथून तुगू स्टेशनपर्यंत रेल्वे येते. म्हणून हॉटेल स्टेशनला लागूनच, मालिओबोरो रस्त्यावर घेतोय. प्रंबाननला लोकलने जावं की गाडीने? बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप त्याच दिवशी होईल का? आणि राजवाडा, तामन सारी (सुलतानाची जुनी बाग) बघायला सायकलरिक्षा बरी की ॲपवरची टॅक्सी? आईला घेऊन कोणी गेलं असेल तर पायऱ्यांबद्दल जरूर लिहा.

प्रतिसाद:

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यामुळे तुमची काळजी समजते.

बोरोबुदूर आणि प्रंबानन एका दिवसात करू नका. एक शहराच्या वायव्येला ४० किलोमीटर, दुसरं पूर्वेला १७. बोरोबुदूरवर चढायला रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, तिकीट आधी काढावं लागतं आणि तिथे दिलेल्या चपला घालाव्या लागतात. गुडघा दुखत असेल तर बाहेरच्या बागेतूनही स्तूप छान दिसतो.

प्रंबाननला सोलो शहराकडे जाणारी लोकल जाते, ८००० इंडोनेशियन रुपियात. पण तिथल्या स्टेशनवरून (त्याचं नाव ब्रम्बानन) देवळापर्यंत पुन्हा चालावं लागतं. आईंसाठी हॉटेलपासून गाडीच करा, आणि सकाळी लवकर निघा; दगड तापायच्या आत वर जाऊन यायला हवं. शिवमंदिराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. एकाने पुढे, एकाने मागे राहावं. जिने चारही बाजूंना आहेत, पश्चिमेचा सुरू असेल तर तो थेट गणपतीपाशी नेतो. आईंना जमलं तर वरून प्रदक्षिणाही करा, कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलेलं आहे आणि पुढची कथा शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळात आहे.

शहरात ॲपवरचीच टॅक्सी वापरा, ग्रॅब किंवा गोजेक. सायकलरिक्षाला तिथे बेचाक म्हणतात. बसण्याआधी भाडं ठरवा आणि "बाटिकचं दुकान नको" हे स्पष्ट सांगा, नाहीतर आधी तिकडेच नेतात. राजवाडा दुपारी लवकर बंद होतो, म्हणून तो सकाळी करा आणि तामन सारी त्यानंतर.

एक राहिलं: गाभाऱ्यात बराच अंधार असतो, टॉर्च न्या. गणपती दोन्ही पायांचे तळवे एकमेकांना जोडून, लहान मूल बसतं तसा बसलाय. सासूबाई त्याच्या पायांकडेच कितीतरी वेळ बघत होत्या.