रानफुलांचे आणि किड्यांचे फोटो टाकायला चांगली जागा सुचवा

सड्यावरची

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवर) मी पावसाळाभर हिंडते. जूनमध्ये दीपकाडी, पुढे सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, आणि जोडीला फुलपाखरं, चतुर, नाकतोडे. जवळ मोबाइल आहे आणि किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत येते त्या साध्या लेन्सचा) जुना डीएसएलआर. फोटो भरपूर साठलेत. ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात, खाली "वा, मस्तच" येतं आणि विषय तिथेच संपतो. इन्स्टाग्रामवर टाकून पाहिले, पण दोन दिवसांत ते कुठल्या कुठे खाली जातात.

मला खरं तर दोन गोष्टी हव्यात. फुलाचं किंवा किड्याचं नाव खात्रीने सांगणारं कुणी, आणि फोटोत काय कमी आहे ते मोकळेपणाने सांगणारं कुणी. शिवाय दोन शंका. फूल नेमकं कुठे सापडलं ते लिहावं का? आणि फोटो कुणी परस्पर वापरले तर काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

भिंगवाला

ताई, तुमच्या दोन्ही गरजा एकाच ठिकाणी भागणार नाहीत, हे आधीच धरून चाला. ओळख पटवणारी माणसं वेगळी, फोटोवर बोलणारी वेगळी.

ओळखीसाठी डोळे मिटून आयनॅचरलिस्ट. फोटो, तारीख आणि जागा दिली की तुमची नोंद तयार होते आणि जगभरातली त्या विषयातली माणसं येऊन नाव सुचवतात. दोघांचं किंवा जास्त जणांचं एकाच प्रजातीवर जमलं आणि एकूण मतांपैकी दोन तृतीयांशापेक्षा जास्त त्या बाजूला असली की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. परवाना खुला ठेवला असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते आणि संशोधक ती वापरतात. हौशी माणसाच्या फोटोला याहून चांगलं घर मला ठाऊक नाही.

अ‍ॅप स्वतःहून नाव सुचवतं, त्यावर मात्र विसंबू नका. ज्या फुलांचे फोटो साठ्यात ढिगाने आहेत तीच नावं ते आधी पुढे करतं. सड्यावरची प्रदेशनिष्ठ (फक्त याच भागात सापडणारी) फुलं त्यात हमखास मागे पडतात. खात्री नसेल तर वंशापर्यंत थांबा, प्रजाती दुसऱ्याला ठरवू द्या.

आणि एकाच झाडाचे चार-पाच फोटो एकाच नोंदीत टाका: फूल समोरून, फूल बाजूने, देठाकडून, पानाच्या दोन्ही बाजू, अख्खं झाड. नुसता फुलाचा देखणा क्लोजअप टाकला की ओळखणारा हताश होतो. सीतेच्या आसवांत तर बाजूचा फोटो हवाच. फुलाची शेपटी आणि खालचा निदलपुंज (पाकळ्यांखालची हिरवी दलं) दिसल्याशिवाय कुणी छातीठोक नाव सांगत नाही.

पाणवठा

+१. फुलपाखरांसाठी भर घालतो. 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर फोटो आधी तज्ज्ञांच्या नजरेखालून जातो, मगच लागतो. वेळ लागतो पण नाव पक्कं मिळतं. पक्षी असतील तर ईबर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ. फक्त तिथे सुटा फोटो टाकत नाहीत, त्या वेळी दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी करायची आणि फोटो त्या यादीला जोडायचा.

फुलपाखराचा पंख मिटलेला फोटो घ्यायला विसरू नका. सगळे उघड्या पंखांच्या मागे असतात. ती पिवळी छोटी फुलपाखरं घ्या, ग्रास यलो. वरून सगळी सारखीच. खालच्या बाजूला पुढच्या पंखाच्या कक्षेत (शिरांनी वेढलेल्या मधल्या भागात) किती ठिपके आहेत ते पाहिल्यावर थ्री-स्पॉट की कॉमन ते कळतं.

एफ_आठ

फोटोवर बोलणारी माणसं हवी असतील तर फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरचे मॅक्रोचे (अगदी जवळून काढलेल्या फोटोंचे) गट अजून तग धरून आहेत, पण पूर्वीची चर्चा राहिली नाही. फुकट खात्यावर १००० फोटोंची मर्यादा आहे, तेव्हा निवडकच टाका. जवळच्या शहरात कॅमेरा क्लब असेल तर तो आधी गाठा. समोर बसून कुणी तुमचा फोटो मोठा करून दाखवतो, त्याची सर ऑनलाइनला येत नाही.

ऑनलाइन विचारायचंच तर एका वेळी एकच फोटो टाका. शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) लिहा आणि तुम्हाला काय दाखवायचं होतं ते एका ओळीत सांगा. "कसा वाटला?" विचारलं की "छान" याखेरीज उत्तर येत नाही. "पाकळीतलं बारीक पोत का नाही आलं?" विचारा, लोक लगेच कामाला लागतात.

दीपकाडीबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. मागे भिजलेला काळा कातळ, पुढे पांढरं फूल. कॅमेरा काळं पाहून फोटो उजळवतो आणि पाकळ्या पांढऱ्याफटक होतात, पोत पार जातं. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (प्रकाश मोजायचं माप) खाली घ्या. सड्यावर वारा थांबत नाही, तेव्हा शटर १/२५० सेकंदाहून हळू नको. अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११ मध्ये ठेवा आणि आयएसओ वाढला तर वाढू द्या. थोडे दाणे चालतात, हललेलं फूल चालत नाही.

सड्यावरची

किती नेमकं सांगितलंत! माझ्या दीपकाडीच्या सगळ्या फोटोंत हेच झालंय, आणि मी लेन्सला दोष देत होते.

जागेचं मात्र अजून कुणी बोललं नाही. ओळखायला जागा लागते म्हणता, मग ती सगळ्यांना दिसणार ना?

कंदीलपुष्प

हे सांगायलाच लॉगिन केलं. सर्वांनी नीट वाचा.

दुर्मीळ फुलाची नेमकी जागा उघड करू नका. कंदीलपुष्पांचे कंद लोक उकरून नेतात, कुणी खायला, कुणी कुंडीत लावायला. एका कातळावर मोजकी रोपं असतात. त्यांचा पत्ता व्हायरल झाला की पुढच्या पावसात तिथे खड्डे दिसतात. फुलं नेली नाहीत तरी फोटोसाठी आलेली पावलं भोवतालचं सगळं तुडवतात. सड्यावर माती असते बोटभर.

आयनॅचरलिस्टवर नोंद करताना जागेसाठी 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. मग लोकांना नेमक्या बिंदूऐवजी ०.२ अंशांचा चौकोन दिसतो, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरचा. तारखेतला दिवसही लपतो, महिना तेवढा दिसतो. ओळखणाऱ्याला तेवढं पुरतं. बऱ्याच संकटग्रस्त प्रजातींना ही सोय आपोआप लागते, पण आपल्याकडच्या सगळ्याच नाजूक फुलांना लागते असं नाही. स्वतः बघून लावायची.

पण सेटिंग लावून वर्णनात "अमक्या मंदिराच्या मागे" लिहिलंत तर काय उपयोग? फोटोच्या मागे ओळखू येणारी वाडी, पवनचक्की, दीपगृह येतंय का तेही पाहा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवता तेव्हा दर्जा टिकतो तसा फाइलमधला जीपीएसही टिकतो. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो गळतो.

पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो तर टाकूच नयेत. पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करतो, की आलीच तिथे लेन्सची रांग. आईबाप चोचीत भक्ष्य घेऊन फांदीवर ताटकळतात, बिळात जाऊ धजत नाहीत. अशा फोटोला लाइक देणंही मी सोडलंय.

भिंगवाला

कंदीलपुष्प यांच्याशी शंभर टक्के सहमत. अजून एक, फुलाभोवतीचं गवत उपटून 'स्वच्छ' फोटो काढू नका. गवत दोऱ्याने हलकेच बाजूला बांधा, फोटो झाला की सोडा. बेडूक, साप उचलून फांदीवर बसवणारे आंबोलीत पुष्कळ भेटतात. तसला फोटो कितीही भारी असला तरी तो निसर्गाचा नव्हे.

शाईचाडाग

फोटो चोरीबद्दल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, नोंदणी करावी लागत नाही. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचे नियम वेगळे, ते इथे लागू नाहीत. मूळ फाइल, जमल्यास रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), कधीही पुसू नका. हक्क दाखवायला तीच कामी येते. नेटवर टाकताना लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास ठेवा. पाहायला पुरते, छापायला फारशी पुरत नाही. माझा एक फोटो एका दैनिकाच्या पुरवणीत नावाशिवाय आला होता. मूळ फाइल आणि एक सभ्य ईमेल पाठवल्यावर पुढच्या अंकात नाव छापलं.

वॉटरमार्क फुलावर आडवा मारू नका, ओळखणाऱ्याला त्रास होतो.

परवाना मात्र विचार करून निवडा. आयनॅचरलिस्टवर मूळचा परवाना नाव देऊन बिगरव्यावसायिक वापराला मुभा देतो, तो बदलता येतो. विकिपीडियाला फोटो पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर व्यावसायिक वापरालाही परवानगी द्यावीच लागते, तिथे मागाहून कुरकुर चालत नाही. तरी मी काही फोटो मुद्दाम तिथे देतो. मराठी विकिपीडियावर आपल्याकडच्या रानफुलांच्या लेखांना चांगले फोटो मिळायला हवेत, आणि ते आपण नाही देणार तर कोण देणार?

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: फुलं आणि किडे आयनॅचरलिस्टवर, दुर्मीळ वाटेल ते सगळं जागा झाकून. फुलपाखरं पाणवठा यांनी सांगितलेल्या ठिकाणी. निवडक चार-सहा फोटो फ्लिकरवर, प्रश्नासकट. दीपकाडीचे जुने फोटो तूर्त बाजूला, जूनमध्ये नव्याने काढते.

जाता जाता एकच. गेंदाच्या नोंदींना कुणी प्रजाती सांगेल का? माझ्याकडे डबक्यांच्या काठचे बरेच फोटो आहेत.

भिंगवाला

गेंदाचं फोटोवरून कठीणच. त्यांच्यातला फरक बारीक फुलांत आणि बियांत असतो, बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. तुम्ही वंशावर थांबा. गुच्छाचा वरून एक फोटो, गुच्छाखालच्या छदांचा (फुलाखालच्या बारीक पानांचा) एक, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून अख्ख्या रोपाचा एक. डबकं किती खोल होतं, पाणी वाहतं होतं की साचलेलं, तेही लिहून ठेवा. या वंशावर काम करणाऱ्या कुणाच्या नजरेला पडलं तर तो स्वतःहून विचारेल.